जीपला लावलेली पायरी

जीप आमच्या दारात आली ती दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला बांधून. शिमगा नुकताच झाला होता. कुरुंद्याच्या रानात जिकडेतिकडे हळद शिजवायच्या काहिली पेटल्या होत्या, आणि त्या पिवळट वाफेतून पुढे ट्रॅक्टर, मागे दोरखंडाला बांधलेली एक लहानशी उघडी जीप आणि जीपच्या स्टिअरिंगवर ताठ बसलेले माझे बाबा अशी वरात अंगणात शिरली. इंजिन बंद होतं, तरी बाबांनी वळताना हात बाहेर काढून मागच्यांना इशारा दिला. मागे दोन कुत्री तेवढी होती. तीस वर्षं सरकारी जीप चालवलेला माणूस, नुकता निवृत्त झालेला, आणि लिलावात त्याला मिळाली तीही फौजेतून निवृत्त झालेली. दोघांनाही आता काय करायचं ते ठाऊक नव्हतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र मी बारावी होऊन घरी बसलेली अठरा वर्षांची पोरगी होते आणि आमच्या दारात गाडी आली या आनंदाने नुसती नाचत होते.

आई ओसरीत गड्ड्यांपासून हळकुंडं वेगळी करत बसली होती. तिने एकदा मान वर केली. "आणलं व्हय तुमचं डबडं?" एवढंच म्हणाली आणि परत हळकुंडांकडे वळली. ट्रॅक्टरवाल्यासाठी तिने चहा केला, गूळ घालून, आलं ठेचून, चांगला केला. पण कप घेऊन ती अंगणात आली नाही. माझ्या हाती पाठवला. पुढे सहा-सात महिने जीपचा मुक्काम अंगणात होता आणि आई तिच्या बाजूने जाताना पदर सावरून जायची, जणू जीपच्या अंगाला लागला तर विटाळच व्हावा. चुलीपासून गोठ्यापर्यंत सरळ गेलं तर वीस पावलं. जीप मध्ये आली म्हणून आई वळसा घालून जायची. गुडघे दुखत असतानाही जायची.

याचं कारण मला लहानपणापासून माहीत होतं. आईने ते एकदा सांगितलं होतं, बाबांनी एकदा सांगितलं होतं, आणि दोघांच्या सांगण्यात एका अक्षराचा फरक नव्हता. मी वर्षाची असेन. ऐन पावसाळ्यात मला ताप चढला आणि उतरेना. आई मला घेऊन वसमतच्या दवाखान्याला निघाली. एसटी आली नाही, म्हणून पोत्याची खोळ करून तिने ती माझ्यावर धरली आणि चालत सुटली. अर्ध्या वाटेत मागून जीप आली. जीप बाबांची, म्हणजे सरकारची, शेजारच्या जागेवर साहेब बसलेले. बाबांनी बाईला ओळखलं. न ओळखायला काय झालं? साहेब भला माणूस होता. म्हणाला, "लिंबाजी, बाईजवळ लेकरू दिसतंय. ओळखीची आहे का? घ्यायचं का?" बाबा म्हणाले, "न्हाई साहेब. हिकडचीच कुनीतरी बाई हाय." आणि जीप पुढे गेली. आईच्या लुगड्यावर चिखल उडाला.

बाबांची बाजूही सांगायला हवी, कारण ती त्यांनी स्वतः कधी नीट मांडली नाही. महिनाभर आधी कचेरीत त्यांच्याविरुद्ध निनावी अर्ज आला होता की हा ड्रायव्हर सरकारी जीपमधून घरची माणसं हिंडवतो. खोटा अर्ज. आमच्या समाजातला पहिला माणूस त्या नोकरीला लागलेला, ते काहींच्या डोळ्यांत सलत होतं. साहेबांनी कागद दाखवून सांगितलं होतं की पुन्हा असं आलं तर माझाही इलाज चालायचा नाही. ती भीती बाबांच्या पोटात बसली आणि त्या दिवशी तोंडावाटे बाहेर आली. पण खोटं पचवायची ताकद त्यांच्यात नव्हती. संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप उतरल्याचं कळलं, आणि मग साहेबांना काय सांगितलं ते सगळं त्यांनी आईला सांगून टाकलं. आई भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "बराबर हाय. मग ही हिकडचीच बाई तुमच्या जीपमधी कवाच बसायची न्हाई." आवाज चढवला नाही, रडली नाही. बाबांना वाटलं, चार दिवसांत राग जाईल. सतरा वर्षं गेली. ती त्यांना जेवायला वाढायची, त्यांच्या पायाला तेल लावायची, त्यांच्यावरून गावातल्या बायांशी भांडायची, पण जीपचं नाव निघालं की तिचा चेहरा बंद व्हायचा.

आता आईच्या वाचनाविषयी, कारण त्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही. आईला अक्षरओळख नव्हती. मी सातवीत असताना विहारात बायांसाठी वर्ग निघाला, तिथे ती जाऊ लागली, आणि घरी आल्यावर माझं डोकं खाऊ लागली. ओळीखाली हळदीने पिवळं झालेलं बोट ठेवून ती वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची, दम घ्यायची आणि उडी मारून पलीकडे जायची. आमच्याकडे वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज धम्मग्रंथाची काही पानं वाचतात. शेवटच्या दिवशी शेवटचं पान वाचून समारोप होतो, मग खीर. कुरुंद्याच्या विहारात आईने तीन पावसाळे पान-अर्धं पान वाचलं होतं. ही बातमी तिच्या माहेरी, बोरवाडीला, पोहोचली. त्या वर्षी उन्हाळ्यात बाबुरावमामा निरोप घेऊन आले. "कौसे, औंदा आपल्या वाडीत समारोपाचं पान तू वाचायचं. आपल्या वाडीची लेक वाचती, हे बायायला दिसू दे." आई उठून आत गेली, भावाच्या ताटात येसराच्या आमटीवर तेलाची धार जरा जास्तच सोडली, आणि मामा गेल्यावर ग्रंथ मांडीवर घेऊन बसली. तिने शेवटचं पान काढलं आणि त्या दिवसापासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत ते रोज वाचलं. घरातल्या आम्हा तिघांनाच काय, म्हशीलाही ते पाठ झालं असेल.

अडचण एकच होती. बोरवाडी औंढ्याच्या अंगाला, डांबरी रस्त्याच्या फाट्यापासून अर्ध्या कोसाहून जास्त आत. मध्ये थोडा मुरूम आणि मग नुसती काळी माती. ज्यांनी ती माती ओली असताना पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. ती पाय धरते. चप्पल ठेवून घेते. गाडीच्या चाकाला लपेटत लपेटत जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. पावसाळ्यात बोरवाडीचे लोक बैलगाडीसुद्धा बाहेर काढत नसत. तरणं माणूस चालत जाई. आईचे गुडघे हळदीच्या रानात वाकून वाकून गेले होते. ओसरीची पायरी चढताना ती चौकटीला धरायची. परतीच्या पावसात ती बोरवाडीला कशी जाणार, हे मामांना सुचलं नव्हतं आणि आई बोलत नव्हती. बाबांना मात्र त्याच क्षणी सुचलं असावं, कारण मामांना एसटीवर पोचवून आल्यावर ते जीपभोवती दोन फेऱ्या मारून मला म्हणाले, "बेबे, हिला चिखलात चालती करायची. अश्विनीच्या पुनवंपतूर."

"आई बसंल व्हय पन?" मी विचारलं.

"ते तिचं ती बघंल. आपुन जीपचं बघू."

मग सुरू झाला आमच्या आयुष्यातला सगळ्यात गजबजलेला उन्हाळा. वसमतच्या रस्त्याला गफारचाचांचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे ते. बाबांचे जुने दोस्त. जीप बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "लिंबाजीभाई, मैं ट्रॉलीवाला. लोहा काटो बोलो, काटता. जोडो बोलो, जोडता. गिअर की बात मेरे को पूछनेकी नहीं." बाबांनी इंजिन खोलून चालू केलं होतं, पण गिअरच्या पेटीचं त्यांनाही फारसं कळत नव्हतं. त्यांची सरकारी जीप मागच्या दोन चाकांवर चालणारी होती. चारही चाकांना ओढ देणारी दुसरी छोटी दांडी असलेली जीप त्यांच्या हातात पहिल्यांदाच येत होती. तिघांचं मिळून अज्ञान भरपूर होतं आणि उत्साह त्याहून जास्त.

पहिल्यांदा चाकांवरचे मडगार्ड कापले. माती लपेटून चाक जाम होतं ते याच्याच पोटात भरून. बैलगाडीला मडगार्ड असतं का, असा बाबांचा सवाल होता. मग स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पाटे घालून जीप वीतभर उंच केली. पोटाखाली दगड लागू नये म्हणून पत्रा हवा होता. आमची जुनी काहील तळाला फुटली होती, तिचा धड भाग कापून गफारचाचांनी खाली बसवला. तीस हंगाम हळद शिजवलेला तो पत्रा. वेल्डिंगची ठिणगी पडली की दुकानात हळदीचा करपट वास सुटायचा आणि चाचा शिंकायचे. पुढे ओढून काढण्यासाठी हूक बसवला आणि सीटखाली मोटेचा जुना नाडा गुंडाळून ठेवला, विहिरीवर मोटर आल्यापासून तो आढ्याला लटकत होता. मी पाने उचलून द्यायची, बोल्ट रॉकेलमध्ये धुवायची, आणि संध्याकाळी मोकळ्या रानात बाबा मला स्टिअरिंगवर बसवायचे. गावात कुजबुज झाली की लिंबाजीने पोरीला ड्रायव्हर करायला घेतलंय. बाबांनी ती ऐकली आणि मला रिव्हर्स शिकवायला घेतलं.

जीप उंच झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हिच्यात चढायला मलाच उडी मारावी लागते, मग आई कशी चढणार? मी तसं बोलून गेले.  दुसऱ्या दिवशी आई रानात गेल्यावर मी पाहिलं तर ते ओसरीच्या पायरीशी उकिडवे बसून सुतळीने तिची उंची मोजत होते. सुतळीला गाठ मारली. मग चौकटीला आई जिथे हात धरते, तिथे तिच्या पिवळ्या बोटांचे ठसे उमटलेले होते, तिथपर्यंत मोजून दुसरी गाठ मारली. त्या गाठींच्या मापाने गफारचाचांनी डाव्या बाजूला लोखंडी पायरी लटकवली आणि वर धरायला त्याच काहिलीची कडी जोडली. आईने आयुष्यभर जी कडी धरून काहील उतरवली तीच. ती पायरी आज माझ्या वसमतच्या घराच्या दाराशी आहे. येणारे-जाणारे तिला अडखळतात, मुलगा म्हणतो भंगारात दे. मी देत नाही.

आणि आता माझी अक्कल. हे लिहायला इतकी वर्षं लागली त्याचं एक कारण हेही आहे. श्रावणात एका ट्रॅक्टरला मी चिखलातून सहज जाताना पाहिलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रॅक्टरची मागची चाकं मोठी, पुढची लहान, म्हणून तर तो अडकत नाही! जीपला मागे ट्रॉलीचे मोठे टायर बसवायचे, पुढचे राहू द्यायचे तसेच. बाबांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी कलेक्टर झाले. "बघा गफारभाई, पोरीचं डोकं!" चाचांनी दाढी खाजवली, म्हणाले, "दिखने को तो शेर दिखेगी." आणि दिसलीही. मागून उंच, पुढे झुकलेली, हल्ला करायला निघालेली. गावातल्या जाणत्या शेतकऱ्यांनीसुद्धा चाकांना हात लावून शाबासकी दिली. कुणाला शंका आली नाही, कारण आम्हा सगळ्यांना ट्रॅक्टर ठाऊक होता आणि चार चाकांनी ओढणारी गाडी कुणालाच नाही. रस्त्यावर आणि रानात आम्ही तिला पळवली ती मागच्या दोन चाकांवर. छोटी दांडी बाबांनी जपून ठेवली, खऱ्या चिखलासाठी.

अश्विनी पौर्णिमेच्या आधी चार दिवस पाऊस लागून राहिला. पौर्णिमेला सकाळी उघडलं. आईने पांढरं लुगडं नेसलं, ग्रंथ फडक्यात बांधून वर खताच्या प्लास्टिक पिशवीत घातला, भाकरी आणि जवसाची चटणी बांधली, आणि जीप पुसत उभ्या असलेल्या बाबांसमोरून वळसा घालून निघाली. "मी येष्टीनं फाट्यापतूर जाते. फुडं चालत."

"गुडघे हायेत का तसे?" बाबांनी विचारलं.

"हायेत तेवढे पुरतेत."

मी कुणाबरोबर जायचं? आईने मानेनेच जीपकडे खूण केली. म्हणजे मी जीपमधून गेले तर तिला चालणार होतं. मग पुढे लाल एसटी आणि मागे आमची जीप अशी यात्रा फाट्यापर्यंत गेली. एसटी थांबली की बाबा थांबत. आई मागच्या खिडकीत बसली होती, पण तिने एकदाही मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला हसू आवरलं नसतं.

फाट्यावर आई उतरली आणि पिशवी डोक्यावर ठेवून चालू लागली. बाबांनी छोटी दांडी ओढून चारही चाकं जोडली आणि आम्ही तिच्या मागे, तिच्याच चालीने निघालो. पहिला टप्पा कडक मुरमाचा. जीप कण्हू लागली. स्टिअरिंग जड झालं, खालून करकर येऊ लागली. बाबा म्हणाले, "म्हातारी हाय, कुरकुरनारच." पुढे काळी माती लागली. आईने चपला हातात घेतल्या. एक पाय काढायचा, थांबायचं, दुसरा काढायचा. मला ते बघवेना. "बाबा, बोलवा ना तिला," मी म्हणाले. बाबांच्या कपाळावर घाम होता. "कोन्या तोंडानं बोलवू, बेबे?" ते म्हणाले. त्यांनी ते असं उघड म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पाणी साचून राहणाऱ्या चिबडाच्या रानापाशी आईचा गुडघा मुडपला. पडली नाही, सावकाश खाली बसत गेली, गुडघ्याइतक्या चिखलाच्या गाऱ्यात, आणि बसताना दोन्ही हातांनी ग्रंथ वर धरला. चपला गेल्या बाजूला. मी उडी मारून धावले. बाबांनी जीप अगदी तिच्याजवळ आणून लावली, अशी की डावीकडची पायरी तिच्यासमोर आली. ते उतरले, पण हात पुढे केला नाही, नुसते उभे राहिले. आईने पायरीकडे पाहिलं. मग कडीकडे. ती कडी तिने ओळखली असणारच, रोजच्या वापरातली वस्तू माणूस विसरत नाही.  मग तिने पिशवी माझ्याकडे दिली, कडी धरली, पायरीवर पाय ठेवला आणि एका दमात वर चढली. माप तंतोतंत होतं. पुढच्या डाव्या जागेवर बसली, सरकारी जीपमध्ये जिथे तीस वर्षं साहेब बसायचे, आणि समोर बघत म्हणाली, "गरंथ भिजंल म्हनून बसले. दुसरं काई न्हाई."

"व्हय," बाबा म्हणाले.  ते स्टिअरिंगवर बसले, गिअर टाकला, पाय दाबला. जीप दहा-वीस हात गेली असेल नसेल, खालून खाड् असा आवाज आला, हाड मोडावं तसा. इंजिन ओरडत राहिलं आणि चाकं जागच्या जागी थांबली.

नंतर चाचांनी गिअरची पेटी उघडून घेतली तेव्हा सगळा उलगडा झाला. छोटी दांडी ओढली की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. दोघांनी सारखेच फेरे घ्यायचे. आमची मागची मोठी, एका फेऱ्यात जास्त जमीन कापणारी, पुढची लहान, कमी कापणारी. एका जुवाला थोराड बैल आणि गोऱ्हा जुंपावा तसं झालं होतं. मुरमावर ती अर्धा तास एकमेकांशी भांडत आली आणि चिखलात जोर लागल्याबरोबर आतले दात तुटले. ट्रॅक्टरची पुढची चाकं मोकळी असतात, त्याला काही होत नाही. चाचांनी तळहातावर ते तुटके दात घेऊन विचारलं, "ये टायर की अकल किसकी थी?" ते विसरले होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "माझीच." आईला त्यांनी शेवटपर्यंत हेच सांगितलं. मीही सांगितलं नाही. आज सांगते आहे.

पण त्या दुपारी आम्हाला यातलं काही कळलं नव्हतं. सतरा वर्षांनी आई जीपमध्ये बसली आणि जीप वीस हातांवर मेली, एवढंच दिसत होतं. बाबा गाऱ्यात उताणे पडून जीपखाली शिरले. पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा त्यांनी पाना लावून सोडवला, म्हणजे चाकं निदान मोकळी फिरतील. शेजारच्या हायब्रीड ज्वारीच्या रानात एक म्हातारे शेतकरी बैलं घेऊन बाभळीखाली थांबले होते. ते आले. मी सीटखालून नाडा काढला. त्या आबांनी तो हुकात अडकवला, जुवाला बांधला, बैलांच्या पाठीवर थाप दिली आणि मग त्यांची नजर वर गेली.

"कोन बाई हाय ही? उतरवा की तिला. बैलायला तेवढंच हलकं हुईल."

सवाल साधा होता आणि रास्तही. आई समोर बघत होती. कडीवरचा तिचा हात घट्ट झालेला मला दिसला. हाच प्रश्न तर होता, सतरा वर्षांपूर्वीचा, तसाच चिखलात आलेला. बाबा जीपखालून निघाले. केसांपासून पायांपर्यंत काळे झालेले, डोळे तेवढे दिसत होते. ते उभे राहिले.

"माझी बायको हाय, आबा," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले, चार रानांत ऐकू जावं असं. "समारोपाचं पान वाचाया चालली. ती उतरायची न्हाई. तिच्या वजनाएवढा जोर मी मागून लावतो."

आबांनी दोघांकडे पाहिलं. "बसा मंग बाई," म्हणाले आणि बैलांकडे वळले.

मला स्टिअरिंगवर बसायला सांगून बाबा मागे गेले. आईने मान वळवली. जीपमध्ये बसून बाबांकडे वळून बघण्याची तिची ती पहिलीच वेळ. "अवं," ती म्हणाली, "चपला राह्यल्या माझ्या तिकडं. तेवढ्या घ्या." बाबा मागे गेले, गाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून दोन्ही चपला शोधल्या, शर्टात खोचल्या आणि जीपला खांदा लावला. बैलांनी ओढलं. कापलेल्या मडगार्डखाली चाकं मातीसकट फिरू लागली, काहिलीचा पत्रा चिखलावरून सरकू लागला. जे जे बाबांनी केलं होतं ते ते चाललं. मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी गावात घेऊन गेले ती अशी, इंजिन बंद, पुढे बैलं, शेजारी आई आणि मागे बापाचा खांदा.

विहारासमोर सगळी वाडी जमली होती. आबांनी बैलं सोडली तेव्हा मामांनी त्यांना खिरीला थांबवून घेतलं. आईने पाय धुतले आणि पान वाचायला बसली. चिखल लागलेलं लुगडं, ओळीखाली बोट. तीन जोडाक्षरांवर अडकली, दम घेतला, पलीकडे गेली. मागे बसलेल्या म्हाताऱ्या बाया डोळे पुसत होत्या, आणि मी तर रडतच होते. बाबा दाराबाहेरच उभे होते. आत या म्हटलं तर कपड्यांकडे बोट दाखवत होते.

खीर वाढताना आईच्या लहानपणीची एक मैत्रीण तिच्याजवळ येऊन बसली. तिने बैल, जीप काहीच पाहिलं नव्हतं. "कौसे, एवढ्या गाऱ्यातून आलीस कशी गं तू?"

"जीपमधी बसून आले."

"कुनाच्या गं?"

आईने दाराकडे पाहिलं. बाबा उंबऱ्याबाहेर खिरीची वाटी हातात घेऊन उभे होते, शर्टात तिच्या चपला तशाच खोचलेल्या.

"कुनाच्या म्हंजी?" आई म्हणाली. "आमच्या."

बाबांचा हात वाटीतच थांबला.